तिसरी डबी

मंगळवार, ५

काल रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही. ही तिसरी रात्र. का लागला नाही ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते. खोटं बोलायचं दोन दिवस मनात घोळत होतं, काल दवाखान्यात बोलले.

माझी सी वाली कावीळ परत आलीय. गेल्या वर्षी तीन महिने गोळ्या झाल्या. मधे तपासलं तेव्हा रक्तात काही सापडलं नव्हतं. सगळं संपून तीन महिने गेल्यावर तपासलं, तर परत होतीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी उलटतं, पण आता दुसऱ्या गोळ्या आहेत, जास्त जोराच्या. त्याआधी तयारी. रक्त, पोटाचा फोटो, लिव्हर किती कडक झालंय त्याची तपासणी. गोळ्या पंचवीस तारखेला सुरू.

तोवर सिस्टरने ही वही दिली. पट्टीने पाच रकाने आखून दिलेत. झोप, जेवण, संडास, पाय, विसरणं. रोज भरायचे आणि पंचवीसला वही आणून दाखवायची. मी म्हटलं, सिस्टर, माझी सहावीतच शाळा सुटली. त्या म्हणाल्या, मला तुझं अक्षर नको, खरं पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या वेळी एकही गोळी चुकली नव्हती ना?"

मी नाही म्हटलं. शेजारी आमच्या पोरीचे, बटणचे बाबा बसले होते. ते म्हणाले, नाही हो, घड्याळ लावून घ्यायची ही, मी डोळ्यांनी बघायचो. सिस्टरने लिहून घेतलं. त्यांनी पेनाचं टोपण लावेपर्यंत मी सांगू शकत होते. टोपण लावलं आणि झालं.

चुकल्या. एक दोन नाहीत, अठ्ठावीस. कशा ते आज लिहायला हात धजत नाही.

पुढच्या बाजूने वही सिस्टरची. वही उलटी करून मागच्या बाजूने माझी. पंचवीसला जाताना मागची पानं फाडून टाकीन.

आजचे रकाने भरले. झोप बरी. जेवण बरं. पाय ठीक.


गुरुवार, ७

कारखान्यात गेले. आमचं काम काजबटणाचं. शर्ट शिवून येतात, आम्ही बायका बटणं लावायची, दोरे कापायचे, घडी घालून बंडल बांधायचं. म्हणून तर माझी पोरगी पोटात होती तेव्हापासून सगळ्या तिला बटण म्हणतात. आता पाच वर्षांची झाली तरी तेच. शाळेत नाव विचारलं तरी बटण सांगते.

माझ्या कटरला मी लाल दोरा गुंडाळलाय. सुई पण माझी वेगळी, डबीत. हाताला टोचलं आणि तीच सुई दुसरीने घेतली तर. इथे कोणाला माहीत नाही मला काय आहे. कळलं तर उद्यापासून माझ्या बाजूची खुर्ची रिकामी. शेजारी बसते तिला आम्ही रेडिओ म्हणतो, सकाळी लागते ती सुटीलाच बंद होते. ती म्हणाली, लाल दोरा काय बांधलास, कटरचं लग्न ठरलं का. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, हो, नवरा बोथट निघाला म्हणून तोंड लपवतंय. अजून हसल्या. बरं वाटलं जरा.

दुपारी जेवणानंतर मी बंडलावर डोकं ठेवलं ते उठलेच नाही. कामावर नजर ठेवणाऱ्या मास्तरांनी हाक मारली तेव्हा तीन वाजले होते. रात्रभर टक्क जागी आणि दिवसा कोणी मारून टाकल्यासारखी झोप. काळजीने होतं असं. माझ्या आईचंही व्हायचं.


शनिवार, ९

चार दिवस संडास नाही. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर लोळतेस, ती कुठून होणार. रकान्यात "झाली" लिहिलं. पाय संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात. उभं राहून होतं. सगळ्यांचे सुजतात.


सोमवार, ११

दवाखाना. सकाळी उपाशी रक्त दिलं. लिव्हरच्या मशीनवर झोपवलं, बरगडीवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. मुलगा होता मशीनवाला, आकडा बघून मला म्हणाला, मावशी, डॉक्टर सांगतील. मी सव्वीस वर्षांची, मला मावशी म्हणाला. आरशात बघायची सोय राहिली नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. घाई नसते त्यांना. म्हणाल्या, "लिव्हर कडक झालंय, पण अजून काम करतंय. तोवर या नवीन गोळ्या देता येतात. पोटात पाणी झालं, पायाला सूज आली, डोक्यात गोंधळ व्हायला लागला, तर या गोळ्या चालणार नाहीत. मग वेगळा रस्ता, लांबचा. म्हणून काही झालं तर लपवायचं नाही, त्याच दिवशी यायचं." संडास काळी झाली तरी त्याच दिवशी या म्हणाल्या. आणि मनाने कुठलीही गोळी घ्यायची नाही, डोकेदुखीची सुद्धा नाही.

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, या गोळ्या चालणार नाहीत.

त्यांनी हात पुढे करायला लावले, पोलीस गाडी अडवतो तसे, पंजे वर. हात हलले नाहीत. शाबास म्हणाल्या. पाय बघते म्हणाल्या तेव्हा मी मोजे काढले. सकाळची वेळ होती, सूज उतरली होती. मुद्दाम सकाळचा नंबर लावला होता मी. पहाटेपासून पाय भिंतीला वर लावून पडले होते. सासूबाई म्हणाल्या, हे काय सर्कशीत जायचंय का.

शेवटी परत तेच विचारलं. जुन्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना. पूर्ण घेऊन उलटलं असेल तर एक औषध, अर्धवट राहिलं असेल तर कदाचित दुसरं, खरं कळलं तर मला ठरवता येतं, असं म्हणाल्या.

मी पूर्ण म्हटलं. दुसऱ्यांदा.


मंगळवार, १२

आज लिहूनच टाकते. नाहीतर हे आत कुजेल.

मी आणि दादा लहान होतो, आई नुकतीच गेली होती. गल्लीत एक जण इंजेक्शन द्यायचा. एकच सुई, गरम पाण्याच्या वाटीत बुडवून सगळ्यांना. आम्हा दोघांना एकाच दिवशी ताप, एकाच दिवशी इंजेक्शन, आधी दादाला मग मला. तिथूनच आलं असणार असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मला बटणच्या वेळी कळलं, बाळंतपणाच्या आधी रक्त तपासलं तेव्हा. दादाला मागच्या वर्षी. त्याला मोठ्या गाडीवर ड्रायव्हरची पक्की नोकरी लागत होती, कंपनीने रक्त तपासायला सांगितलं. त्याने आधी बाहेरून गुपचूप तपासून घेतलं. आलं.

तो माझ्याकडे आला तेव्हा रडला नाही, पण चहाचा कप हातात धरून तासभर बसला, प्यायला नाही. दवाखान्यात नाव घालूया म्हटलं तर नको म्हणाला, यादीत नाव गेलं की नोकरी गेली. मला आईच्या मागे त्यानेच वाढवलं. माझ्या वेण्या घालायचा. एक वेणी वर एक खाली, शाळेत हसायचे.

माझ्या तेव्हा दोन डब्या संपल्या होत्या. छप्पन्न गोळ्या. रक्त तपासलं होतं, साफ होतं. मला वाटलं साफ म्हणजे साफ. आता तिसरी डबी कशाला वाया घालवायची, घरात भात उरला तर शेजारी देतो तसं. मी दादाला सांगितलं, दोनातच मी बरी झाले, डॉक्टर म्हणाल्या पुरे, ही उरली. त्याने अठ्ठावीस दिवस घेतली. रक्त तपासलं. साफ. कंपनीत तोच कागद दिला आणि नोकरी लागली. त्या दिवशी त्याने मला फोनवर दोन मिनिटं नुसतं हसून दाखवलं.

घरात कळू नये म्हणून रिकाम्या डबीत मी ताकदीच्या गोळ्या भरल्या आणि महिनाभर घड्याळ लावून त्याच घेतल्या. बटणचे बाबा बघायचे ते हेच.

आता माझं परत आलं, छप्पन्न घेऊन. त्याने तर अठ्ठावीसच घेतल्या. मला हिशोब येत नाही, पण एवढं कळतं.


गुरुवार, १४

दादाचा फोन. नेहमीसारखी सुरुवात, "काय खारूताई, आज कुठे काय लपवलंस?" लहानपणी मी पाव, गूळ, पेन्सिली सगळं कुठे कुठे लपवून विसरायचे, तेव्हापासून तो मला खारूताई म्हणतो. मी म्हटलं, काही नाही रे.

माझं परत आलंय हे त्याला माहीत नाही. बटणच्या बाबांना मी सांगितलंय की त्याला कळवायचं नाही, तो रस्त्यावर असतो, उगाच डोक्याला ताप. ते बिचारे हो म्हणाले.

खूश होता. गाडीला नवीन टायर मिळाले. थकायला होतं म्हणाला, पण एवढं अंतर मारल्यावर कोणीही थकेल. मग हसत म्हणाला, संध्याकाळी गाडी लावली की दोन पेले घेतो आता, रक्तात आलं तेव्हापासून सोडली होती ना, आता लिव्हर कोरं करकरीत आहे, तुझी कृपा.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, तू होतीस म्हणून मी माणसात आलो. मग कसं बोलायचं. मी म्हटलं, कमी पी. तो म्हणाला, सासू झालीस का माझी.

फोन ठेवल्यावर ओट्याशी उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. दूध उतू जाऊन गॅस विझला तेव्हा कळलं.


रविवार, १७

झोप नाही म्हणून सासूबाईंनी त्यांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी मोडून दिली. स्वतःहून दिली. डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, पोरी, तुझा चेहरा बघवत नाही. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तेव्हापासून मला पोरी असं कोणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे नको म्हणवलं नाही. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या, पण अर्धी म्हणजे काय. झोपले. दुपारी दोनला उठले. रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, झोप छान.


बुधवार, २०

रोज अर्धी घेते. आता एक.

आज कारखान्यात काहीतरी झालं. मी चाळीस शर्टांना बटणं काजाच्या बाजूला लावली. काज एकीकडे असतं ना, बटण दुसरीकडे, ते मी उलट केलं. चाळीस. सहा वर्षं हे काम करते, डोळे मिटून करते. रेडिओने बघितलं आणि पहिल्यांदा ती गप्प झाली. मग म्हणाली, अगं, हे शर्ट घालणार कोण, भिंत? मी हसले. मला हसू थांबेचना, मग रडू आलं.

मास्तर ओरडतील वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली सुई हळूच काढून घेतली आणि म्हणाले, घरी जा, आराम कर. मास्तर शिव्या देतात तेव्हा भीती वाटत नाही. आज वाटली.

दाराशी रेडिओ सोडायला आली. रस्त्यावर गाडी येत होती, मी हात वर केला थांबवायला, तर पंजा आपोआप खाली पडला आणि वर आला, परत खाली. पाखराने पंख मारावा तसा. रेडिओ म्हणाली, हा कसला टाटा? अशक्तपणा आहे. तिने मला रक्तवाढीचं औषध दिलं, तिच्या पोरीचं उरलेलं. उरलेलं द्यायची सवय आम्हा सगळ्यांनाच आहे.


बुधवार, २०

बटण म्हणते आज शुक्रवार आहे. शाळेला पांढरे बूट आहेत म्हणजे शुक्रवारच. खोडत नाही, राहू दे.

तिला शाळेतून आणायला गेले. फाटकाशी ती आली, हात धरला, आणि मला कळेना कुठल्या बाजूला जायचं. रोजचा रस्ता. चप्पल दुरुस्तीवाला समोर बसला होता, त्याचं दुकान ओळखू येत होतं, पण त्याच्या डावीकडे की उजवीकडे ते येईना. मी उभी राहिले. बटण म्हणाली, आई, चल ना. मी म्हटलं, आज तू मला घेऊन चल, आपण खेळ खेळू, तू आई आणि मी बटण.

ती खूश झाली. पुढे पुढे चालली, वळणावर माझा हात घट्ट धरला, म्हणाली, गाडी बघ आधी, मग पाऊल टाक. अगदी माझ्यासारखं. घर आलं.

तिचंही रक्त तपासायचंय. सिस्टर दोन वर्षं सांगतायत. मी नेलं नाही. नेलं नाही तोपर्यंत तिला काही नाही, असं वाटायचं मला.

सोमवारी नेईन. सोमवारी सगळं सांगीन. डबीचं पण.


शनिवार

दादाने फोन केला होता. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बटणला विचारलं, तू काय ऐकलंस. ती म्हणाली, तू मामाला म्हणालीस बटणं उलटी लागलीत, बटणं उलटी लागलीत, आणि मामा हसला, आणि मग हसला नाही.

म्हणजे सांगितलं नाही.

रकाने बघितले आज. सगळीकडे बरं, बरं, ठीक, ठीक. माझंच अक्षर, सुरुवातीला ओळीत आहे, आता उतरणीला लागलंय. पोट घट्ट आहे. परकराची नाडी पुरत नाही. खाल्लं नाही तरी.


रविवार, २४

आज रविवार नक्की. बटणचे बाबा बेकरीत कामावर गेलेत. सासूबाई शेजारणीकडे बसल्यात, बटण झोपलीय, दुपार आहे. हे सगळं बरोबर आहे का ते मी बटणच्या शाळेच्या वहीतल्या तारखेवरून बघितलं.

सकाळी संडास काळी झाली. कोळशासारखी. रक्तवाढीच्या औषधाने होते असं रेडिओ म्हणाली होती. काळी झाली की त्याच दिवशी या असं म्हणाल्या होत्या ना त्या. पण उद्या जायचंच आहे. उद्या सकाळचा नंबर आहे. आज गेले तर पाय बघतील, पोट बघतील, आणि गोळ्या चालणार नाहीत म्हणतील.

मी सकाळपासून ठरवते की दादाला फोन लावायचा. फोन हातात घेते. मग फोन कशाला घेतला ते विसरते. मग आठवतं तेव्हा फोन फ्रिजमध्ये सापडतो. खारूताईच मी.

म्हणून लिहिते. लिहिताना शब्द थांबतात, पळत नाहीत, बोलताना पळतात.

मागची पानं फाडणार होते. फाडत नाही. पुढच्या पहिल्या पानावर, सिस्टरच्या रकान्यांवरून, मोठं लिहिलंय, वही उलटी करून मागून वाचा. रकान्यातलं सगळं खोटं आहे. मागचं खरं आहे. सिस्टर, तुम्ही खरं मागितलं होतं. पायाला सूज पाच तारखेच्या आधीपासून होती. गोळ्या छप्पन्नच घेतल्या. सासूबाईंना बोलू नका झोपेच्या गोळीवरून, त्यांनी मायेने दिली. बटणचं रक्त घ्या. ती सुईला घाबरत नाही, तिला फक्त सांगून टोचा.

हे मी उद्या माझ्या तोंडाने सांगीनच. पण मला उद्या शब्द मिळाले नाहीत, किंवा मी झोपले आणि कोणी उठवू शकलं नाही, तर.

तर जो कोणी ही वही वाचेल त्याने माझ्या दादाला फोन करा. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलाय, बटणकडून तपासून घेतलाय, एकेक आकडा. अनोळखी नंबर तो पहिल्यांदा उचलत नाही, गाडी चालवत असतो. परत करा. संध्याकाळी गाडी लावायच्या आत करा, पेला हातात घ्यायच्या आधी. मी आजारी आहे असं सुरुवातीला सांगू नका, तो गाडी वळवेल आणि तुमचं पुढचं ऐकणार नाही. आधी सांगा की खारूताईने एक गोष्ट लपवली होती, ती आता तिला सापडली. तो हसेल. हसू द्या. मग सांगा की ती डबी उरलेली नव्हती. साफ म्हणजे साफ नसतं. त्याने उद्याच्या उद्या रक्त तपासायचं, यादीत नाव गेलं तर जाऊ दे. तो रागावेल. तुमच्यावर नाही, माझ्यावर, तुम्ही ऐकून घ्या. फोन ठेवला तर परत लावा. उचलेपर्यंत लावा.